अभ्यासपाठ : फाल्गुन ते वैशाख — पश्चिमेचा वारा, चढतं ऊन आणि आपली चैत्राची पदयात्रा

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी पारायण संपल्यावर ओट्यावर बसलो होतो. प्रसादाची द्रोणं वाऱ्याने उडत होती, ती पकडता पकडता एक काका म्हणाले, "औंदा होळीच्या आधीच वारं भणभण करून राहिलं. कुठून येते हे एवढं?" कोणी म्हणालं हवामान बदललं, कोणी म्हणालं जंगल तोडलं, कोणी नुसतं वर पाहिलं. नीट उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आलं नाही. म्हणून या वेळचा पाठ त्या प्रश्नावर आहे. ज्यांना ग्रंथातल्या पुढच्या अध्यायाची वाट होती त्यांनी एक आठवडा थांबावं.

या पाठामागे दुसरं कारणही आहे, ते आधीच सांगून टाकतो. मागच्या चैत्र पौर्णिमेला आपण रामाकोन्याहून जामसावळीला पायी निघालो. निघायचं होतं पहाटे पाचला. आरती लांबली, फोटो झाले, चहा झाला, आणि पालखी हलली तेव्हा आठ वाजून गेले होते. साडेअकराच्या सुमारास सडकेवर सावली उरली नाही. समोरून गरम वारा, खाली तापलेलं डांबर. आपल्यातल्या दोन ताई आणि एक आजोबा रस्त्यातच बसले. आजोबांना त्या दिवशी काही आठवत नव्हतं, स्वतःच्या मुलाला ते दुसऱ्याच नावाने हाक मारत होते. दोन दिवस सलाईन लागली. ते आज आपल्यात आहेत, गुरुवारी पहिल्या रांगेत बसतात. पण चूक नियोजनाची होती आणि नियोजन आमचं, म्हणजे हा पाठ लिहिणाऱ्यांचंच होतं. तेव्हा खाली जे लिहिलं आहे ते दुसऱ्यांना शिकवण्याच्या आधी आम्ही स्वतः शिकलो आहोत.

*वारा येतो कुठून*

माघ सरत आला की सूर्य उत्तरेकडे बराच सरकलेला असतो आणि देशाच्या मधली जमीन तापायला लागते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिथला दाब कमी होतो आणि आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते. आपल्याकडे ती वायव्येकडून आणि पश्चिमेकडून येते. थरचं वाळवंट, राजस्थान, मग माळवा. नाहीतर गुजरात, निमाड, खानदेश असा तिचा रस्ता. जैसलमेर इथून सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. ताशी ३० किलोमीटरने निघालेली हवा दीड दिवसात आपल्या अंगणात पोचते. वाटेत तिला समुद्र लागत नाही, मोठं पाणी लागत नाही. पाण्याचा थेंब न मिळता ती तापलेल्या जमिनीवरून घासत येते. म्हणून ती कोरडी आणि म्हणून ती गरम.

आता एक गैरसमज. वाळवंटाचा वारा म्हटलं की लोकांना वाटतं तिकडची वाळू इकडे येते. क्वचित तसं होतंही. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्रावरून थेट मुंबईपर्यंत आली होती. गाड्यांवर पांढरट थर बसला होता, दिवसाढवळ्या धुरकट झालं होतं. पण आपल्या अंगणात, आपल्या माठाच्या झाकणावर रोज जी माती बसते ती आपल्याच वावरातली असते. कपाशीची उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटली, नांगर फिरला की काळी माती उघडी पडते, आणि वारा तीच उचलतो. थरकडून येतो तो मुख्यतः कोरडेपणा, धूळ घरची. (हे ऐकल्यावर काका जरा खट्टू झाले. त्यांना जैसलमेरची वाळू हवी होती.)

मग हा वारा दहा-अकरा वाजताच का चढतो आणि दिवेलागणीला का पडतो? रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा जड होऊन तळाशी बसून राहते. वर, पाच-सातशे मीटरवर, वारा जोरात वाहतच असतो, पण तो खाली पोचत नाही. सकाळी ऊन पडलं की जमिनीलगतची हवा उकळत्या दुधासारखी वर-खाली व्हायला लागते. खालची वर जाते, वरची वेगवान हवा तुकड्यातुकड्यांनी खाली येते. तो तुकडा खाली आपटला की आपल्याला जोराचा झोत लागतो, मग क्षणभर शांत, मग पुन्हा झोत. मधल्या मोकळ्या वावरात वावटळ उठते तीही याच उकळीची. सूर्य कलला की उकळी थांबते आणि वारा पडतो. होळी रात्री पेटवतात तेव्हा ज्वाळा बऱ्याचदा सरळ वर जाते, ते त्यामुळे. हा दिवसाचा ताल ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं. शेतीचं असो की पदयात्रेचं.

आपल्या गावाला आणखी एक गोष्ट लागू आहे. छिंदवाड्याहून येताना सिल्लेवानीचा घाट उतरला की कानाशी हवा बदलते, हे आपण सगळ्यांनी बसमध्ये अनुभवलं आहे. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटर उंच. आपण आणि सौंसर त्याच्या सुमारे तीनशे मीटर खाली. कोरडी हवा शंभर मीटर खाली उतरली की दाबली जाऊन साधारण एक अंशाने तापते. म्हणजे छिंदवाड्यात ३८ असेल तेव्हा आपल्याकडे ४१ धरायला हरकत नाही. टीव्हीवर जिल्ह्याच्या जुन्या मुख्यालयाचा आकडा ऐकून "आज बरं आहे" म्हणू नये.

*अंदाज वाचायचा कसा*

भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करतो आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी तो मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज सांगतो आणि मार्चच्या शेवटी एप्रिल ते जूनचा. त्यात "कमाल तापमान सामान्यापेक्षा जास्त राहण्याची शक्यता" असं वाक्य असतं. याचा अर्थ रोज जास्त राहील असा होत नाही. समजा गेल्या अनेक वर्षांचे उन्हाळे तीन ढिगांत वाटले, थंडसर, मधले आणि तापट. यंदाचा कोणत्या ढिगात पडेल त्याचं वजन ते सांगतात. काहीच माहिती नसती तर तिन्हींना सारखे, म्हणजे तेहतीस-तेहतीस टक्के आले असते. "तापट ढिगाला साठ टक्के" म्हटलं तर चाळीस टक्के शिल्लक आहेत हे विसरायचं नाही, आणि साठ हे तेहतीसपेक्षा खूप जास्त आहेत हेही विसरायचं नाही. हा तीन महिन्यांचा अंदाज बी-बियाणं, पाणी, विहिरीचं नियोजन यासाठी. उद्या मंडप टाकायचा की नाही यासाठी तो नाही. त्यासाठी चार-पाच दिवसांचा अंदाज बघायचा, आणि त्याच दिवशी दुपारी तीन-तीन तासांचा तात्काळ इशारा बघायचा.

इथे आपली एक अडचण आहे. आपण मराठी बोलतो, सरकार मात्र भोपाळचं. हवामान विभागाच्या वाटणीत आपला पांढुर्णा जिल्हा (२०२३ पर्यंत आपण छिंदवाड्यातच होतो) "पूर्वी मध्य प्रदेश" या उपविभागात येतो. पूर्वी म्हणजे पूर्वेकडचा, 'आधीचा' नव्हे. एका ताईंनी खरंच विचारलं होतं म्हणून लिहितो. या उपविभागात रीवा, सतना, जबलपूर, बालाघाट सगळे. पण आपली जमीन, आपली झाडं आणि आपलं ऊन काटोल-वरुडच्या जवळचं. आम्ही दोन्ही पाहतो. भोपाळच्या पत्रकात आपल्या जिल्ह्याच्या नावापुढे काय लिहिलंय ते, आणि नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचा विदर्भाचा अंदाज, त्यातही नागपूर आणि अमरावती जिल्हे. दोन्हीकडे एकच इशारा असला तर शंका ठेवू नये. भोपाळचं पत्रक हिंदीत असतं: 'लू' म्हणजे उष्णतेची लाट, 'झोंकेदार हवा' म्हणजे झोतांचा वारा, 'वज्रपात' म्हणजे वीज पडणे, 'ओलावृष्टि' म्हणजे गारपीट. ओल आणि ओला यांच्यात गोंधळ नको.

रंग चार आहेत. हिरव्याला काही करायचं नाही. पिवळ्याला लक्ष ठेवायचं. नारिंगीला तयारी करायची, आणि लाल आला की कामाला लागायचं. लोक लाल आल्यावर तयारी सुरू करतात, तिथेच उशीर होतो.

उष्णतेची लाट म्हणजे काय याचीही व्याख्या आहे, नुसतं "फार ऊन" नाही. मैदानी भागात पारा किमान ४० ला पोचला पाहिजे आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर पाहिजे. साडेसहाच्या वर गेला तर तीव्र लाट. किंवा मग सरासरी काहीही असो, ४५ झालं की लाट आणि ४७ झालं की तीव्र लाट. आता हे आपल्याला लावून बघू. नागपूरची दुपारची सरासरी फेब्रुवारीत ३२ च्या आसपास, मार्चात ३६, एप्रिलमध्ये ४०, मे महिन्यात ४२-४३. म्हणजे मार्चात ४१ झाले तर ती लाट ठरते, आणि मे महिन्यात त्याच ४१ ला कोणी विचारतही नाही. वरवर हे विचित्र वाटतं, पण त्यात अर्थ आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. मार्चातलं ४१ बिनसवयीच्या अंगावर पडतं. आपल्या आजोबांना मे महिन्यात रोज शेतात जाऊन काही झालं नाही, चैत्रात झालं.

आणि उन्हाळा पुढे सरकतो आहे का, या काकांच्या प्रश्नाला आकड्यांचं उत्तर आहे. देशभराची सरासरी धरली तर मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वात तापलेला मार्च होता. दुपारचं सरासरी तापमान ३३.१० अंश. पुढच्याच वर्षी फेब्रुवारी २०२३ ने दुपारच्या तापमानाचा फेब्रुवारीतला विक्रम मोडला. आणि २०२५ चा फेब्रुवारी दिवस-रात्र मिळून सरासरीत सर्वांत वर गेला. तर काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे.

मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांबद्दल दोन शब्द, कारण आपल्याच गटात ते सर्वात जास्त फिरतात. ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले. तो फोटो आपल्या गटात एका तासात अकरा वेळा आला. हवामान विभागाने नंतर सांगितलं की तिथला संवेदक बिघडला होता. त्याच दिवशी दुसऱ्या केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं. भेंडवळची घटमांडणीही दर अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे येते. परंपरा म्हणून तिच्याबद्दल आम्हाला आदर आहे, पण त्यावरून मंडपाचे दोर सैल-घट्ट करू नयेत एवढीच विनंती. मोबाईलमध्ये 'मेघदूत' ठेवा, शेतीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. वीज कुठे पडते आहे ते सांगणारं 'दामिनी' पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलं आहे, तेही ठेवा. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

*कोरडा वारा आणि ओला वारा भेटतात तेव्हा*

पश्चिमेचा वारा एकटा असतो तोवर फक्त तापवतो. पण बंगालच्या उपसागरावरून ओली हवा विदर्भ-छत्तीसगडच्या दिशेने शिरते, आणि वर उत्तरेतून एखादा पश्चिमी विक्षोभ सरकत जातो. या दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडली की दुपारी चारनंतर काळं होतं. आधी धुळीचा लोट, मग सोसाट्याचा वारा, मग विजा आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात आणि आपल्या मध्य प्रदेशात जी गारपीट झाली ती ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. कापणीला आलेला गहू, हरभरा आणि झाडावरचा मृग बहार एका तासात जमिनीवर.

अशा वादळाची खूण कोणती? दोन-तीन दिवस पश्चिमेचा वारा चालू असताना एका सकाळी तो अचानक पडतो, किंवा पूर्व-दक्षिणेकडून यायला लागतो. अंग चिकचिकतं. दुपारी फुलकोबीसारखे उभे ढग चढतात. तेव्हा खळ्यावरचा माल झाकायचा, पत्रकात काहीही लिहिलेलं असो.

मंडपाबद्दल इथेच सांगून टाकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. वीसचा साठ झाला तर नऊपट. दोन वर्षांपूर्वी कथेच्या तिसऱ्या दिवशी आपला मंडप उडाला तेव्हा सकाळी तोच मंडप शांत उभा होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दोर तेच, बांबू तेच. त्या वेळी माणसं जेवायला बाजूला गेली होती, ही कृपा. यापुढे नारिंगी इशारा असला की वरचं कापड उतरवायचं आणि कनाती गुंडाळून वर बांधायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. मंडपवाल्याशी आधीच बोलून ठेवायचं, ऐन वेळी तो फोन उचलत नाही.

*वावरातलं*

गटात निम्म्याहून जास्त घरं संत्र्याची, म्हणून यावर जरा थांबतो. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. मार्चात फळं हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी. नेमक्या याच वेळी कोरडा वारा चढतो. पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की मुळं तेवढं ओढू शकत नाहीत, जमीन ओली असली तरी. मग झाड हिशेब करतं आणि लेकरं सोडून देतं. थोडी गळ ही नेहमीचीच, सगळी फळं कोणतंच झाड सांभाळत नाही. पण तीन दिवस सलग पश्चिमेचा वारा चालला आणि खाली हिरवा सडा पडला तर ते वाऱ्याचं काम असतं. त्या वेळी दुकानातून महागाची बाटली आणण्याआधी पाण्याची वेळ बघा.

पाणी संध्याकाळी वारा पडल्यावर किंवा रात्री द्या. एकदम तुंबवून देऊ नका; थोडं थोडं, पण खंड न पाडता. दुहेरी आळं करा म्हणजे पाणी खोडाला लागत नाही, नाहीतर डिंक्या मागे लागतो. आळ्यात गव्हाचं कुटार किंवा तणस पसरा. ते उडतं अशी तक्रार येते, तर त्यावर चार ढेकळं ठेवा. आणि धुऱ्यावर, पश्चिम आणि वायव्य बाजूला, वारा अडवणारी झाडं लावा. शेवरी चालते, बांबू चालतो. ती झाडं आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर तोडतात. वीस फुटांची रांग असेल तर दोनशे फूट बाग सांभाळली. भिंत बांधू नका. भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे जास्त जोराने आपटतो. झाडाच्या फटींतून गाळून येणारा वारा मवाळ होतो. यासाठी पावसाळ्यात रोपं लावावी लागतात, म्हणून आत्ताच जागा आखून ठेवा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्यापासून लांब नाही, गटाने एकदा जाऊन यायला हवं.

गव्हाचं थोडक्यात. दाणा भरताना गरम वारा लागला की तो लवकर पिकतो आणि बारीक राहतो. २०२२ मध्ये देशभर हेच झालं आणि १३ मे ला गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. उशिरा पेरलेल्यांचं नुकसान जास्त होतं. पुढच्या रब्बीत पेरणी लांबवू नका.

नरवाई जाळू नका. बंदी आहे म्हणून तर नकाच, पण वाऱ्यामुळे मुळीच नको. सकाळी सातला शांत वाटलं म्हणून काडी लावली की दहाला तिचा झोत शेजाऱ्याच्या गंजीवर जातो, पलीकडे कोणाचा तरी गोठा असतो. भंडाऱ्याची चूलही तशीच. चूल पेटवायची ती पहाटे, स्वयंपाक आठच्या आत उरकायचा, आणि चुलीपाशी पाण्याचा ड्रम आणि ओली पोती ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही.

*माणसाचं*

आता मूळ मुद्दा. आपल्यात पुष्कळांचा असा भाव असतो की गुरूचं नाव घेऊन चाललं की ऊन लागत नाही. भाव मोठा आहे, त्याची चेष्टा आम्ही करणार नाही. पण १६ एप्रिल २०२३ आठवावी लागते. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो श्रीसेवक आपल्या श्रद्धास्थानासाठी लांबलांबून आले आणि भर दुपारी उघड्यावर शिस्तीत बसले. उष्माघाताने १४ जण गेले. त्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी होती असं म्हणण्याची आमची हिंमत नाही. तिथे पारा ३८ च्या आसपास होता. आपल्याकडचा माणूस ३८ ऐकून हसेल. पण तिथली हवा दमट, घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने त्या उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं जाहीर केलं.

आपल्याकडचा धोका उलट्या बाजूने येतो. चैत्रात दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणूनच आपला वाळ्याच्या ताट्यांचा कुलर इतका गार वारा देतो आणि मुंबईत तोच कुलर नुसता घोंघावतो. पण ज्या वाऱ्याने ताटी वाळते त्याच वाऱ्याने आपणही वाळतो. घाम आला हे कळायच्या आत तो उडून जातो. माणूस म्हणतो, मला घामच नाही, मला पाणी कशाला? सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे दिसले, लघवी गडद झाली, की समजायचं पाणी आधीच कमी पडलं आहे. कातडीचं तापमान ३५ च्या जवळ असतं. ४२ चा वारा अंगावर आला म्हणजे तो वारा आपल्याला तापवतो, घाम तेवढा थंड करतो. घाम संपला की संपलं.

गळून गेला, डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं, तरी नीट बोलतो आहे: सावलीत घ्या, कपडे सैल करा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. पण बोलणं बरळल्यासारखं झालं, नावं चुकायला लागली, झोकांड्या जातात, अंग भट्टीसारखं लागतं, तर तो उष्माघात. तिथे वाट बघायची नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं, पंख्याने किंवा दुपट्ट्याने वारा घालायचा, काखेत आणि मानेशी ओले फडके ठेवायचे. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. खिशात कांदा ठेवायला आमची ना नाही, पण कांदा खिशात आणि पाण्याची बाटली घरी असं नको.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये उन्हाने फार माणसं गेली, तेव्हा त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे नागपूरनेही केला. त्यात अवघड काही नसतं. इशारा कोण कोणाला कळवणार, पाणी कुठे, सावली कुठे, कोणती वेळ टाळायची, एवढंच. आपणही आपल्या पदयात्रेचा तसाच केला आहे. महाराजांपुढे तो वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि वेळ बदलायला लगेच होकार दिला. नाराजी आली ती आमच्यातल्याच काही जणांकडून, की पौर्णिमेच्या दिवशी चालण्याचं पुण्य जाईल. त्यांना सांगितलं की पोचणार तर पौर्णिमेलाच आहोत.

तर यंदाची ठरलेली व्यवस्था अशी. चतुर्दशीला सूर्य मावळून वारा पडला की पालखी निघेल. आरती घरी करून यायचं, फोटो पोचल्यावर. रात्रभर चांदणं आहे, तरी सडकेवर ट्रक चालतात म्हणून प्रत्येकाच्या पाठीला रेडियमची पट्टी, पुढे आणि मागे एक-एक लाल दिवा, आणि ओळ डाव्या कडेने. सौंसरला मुक्काम, पहाटे तीनला उठणे, दिवस वर यायच्या आत जामसावळीला हनुमंताचं दर्शन. परतीला कोणी पायी निघणार नाही, गाड्या नऊच्या आत भरतील.

निर्जळी उपवास धरून चालता येणार नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि गोळ्या सोबत ठेवाव्यात. साठीच्या पुढच्या प्रत्येकासोबत एक तरुण जोडीदार राहील. त्याचं काम एकच, दर अर्ध्या तासाला पाणी पाजणं आणि दोन वाक्यं बोलून बघणं. मागच्या वर्षीच्या आजोबांनी आपला जोडीदार आधीच निवडला आहे, तोच नातू ज्याच्या बापाला ते दुसऱ्या नावाने हाक मारत होते.

त्या आठवड्यात पाच दिवस आधीपासून रोज सकाळी सातला भोपाळ आणि नागपूर, दोन्हींचा अंदाज गटावर टाकला जाईल. त्या एका निरोपाशिवाय हवामानाचा दुसरा कोणताही निरोप त्या दिवसांत पुढे पाठवू नये. वादळाचा नारिंगी इशारा असला तर पालखी सौंसरच्या मुक्कामीच थांबेल, आणि ते ठरवायचा अधिकार पाच जणांच्या समितीला आहे. नावं येत्या गुरुवारी पारायणानंतर ओट्यावर घेऊ. येताना द्रोणांवर ठेवायला एखादा दगड आणा.